पट्टे आवश्यक

माझ्यावर आजवर पुष्कळांचे उपकार झालेत आणि त्यांतल्या बहुतेकांचे आभार मी वेळच्या वेळी, योग्य शब्दांत आणि शुद्धलेखनाचे नियम पाळून मानले आहेत. राहून गेलेत ते तिघांचे. एक माझे सासरे, दुसरी आमची ही, आणि तिसरी खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची सैल पँट. पँटचे आभार कसे मानतात ते मला ठाऊक नाही. म्हणून जे झालं ते पहिल्यापासून सांगतो. कुणाच्या वाट्याला किती आभार जातात ते वाचणाऱ्यांनी आपापसांत ठरवावं.

मी मुद्रितशोधक आहे. म्हणजे छापखान्यात छपाईच्या आधी मजकूर तपासणारा माणूस. तुम्ही वाचता तसं आम्ही वाचत नाही. डावीकडे मूळ हस्तलिखित, उजवीकडे छापलेला कच्चा कागद, हातात लाल पेन्सिल, आणि अक्षर न् अक्षर ताडून बघायचं. मजकूर काय म्हणतोय याच्याशी आमचा काडीचा संबंध नसतो. शिलाई मशीनची माहितीपत्रकं, शाळांचे अहवाल, निवडणुकीची पत्रकं, मूळव्याधीवरच्या मलमाच्या सूचना, सगळं माझ्या डोळ्यांखालून गेलंय आणि त्यातलं एक अक्षर माझ्या डोक्यात राहिलेलं नाही. मात्र एकतीस वर्षांत माझ्या हातून एका काना-मात्रेची चूक सुटलेली नाही, असं मी घरी येणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगत असे. ‘सांगत असे’ हा काळ मी विचारपूर्वक वापरला आहे.

आमचे सासरे, म्हणजे आबा, शिडं शिवायचे. पाण्याच्या काठावर शिडाच्या होड्यांचा एक खाजगी क्लब आहे, तिथे मागच्या शेडमध्ये अडतीस वर्षं. तळहाताला चामड्याची पट्टी बांधायची, दाभणाएवढी सुई घ्यायची आणि ताडपत्रीसारखं जाड कापड टोचत बसायचं. सभासदांच्या होड्या आबांच्या टाक्यांवर पाण्यात जायच्या आणि आबांच्या टाक्यांवर परत यायच्या. पण आबा स्वतः रोज मागच्या दाराने आत जायचे आणि मागच्या दाराने बाहेर यायचे. क्लबचं भोजनगृह त्यांनी पाहिलं होतं ते खिडकीतून, काच पुसायला फडकी शिवून दिली होती तेव्हा.

क्लबचे छपाईचे कागद आमच्या छापखान्यात पोचवायचं कामही त्या काळी आबांकडे असायचं. त्यातूनच त्यांची माझी ओळख झाली आणि चोवीस वर्षांपूर्वी मी त्यांचा जावई झालो. तेव्हापासून ते मला जावईबापू म्हणतात. हा मान आहे की थट्टा, याचा उलगडा मला अलीकडेच झाला.

तर आबा निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आले आणि आठवडाभरात क्लबचं पत्र आलं. रविवारी दुपारी भोजनगृहात आपला सत्कार योजला आहे, सोबत कुटुंबातली एक व्यक्ती आणावी, पोशाख नियमावलीप्रमाणे असावा, नियमावली सोबत जोडली आहे. आणि खाली बारीक अक्षरांत: ‘दोहोंपैकी एकाचाही पोशाख नियमबाह्य आढळल्यास सत्कार मागील व्हरांड्यात करण्यात येईल.’

हिने ते पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा काढला.

“अहो, अडतीस वर्षं माणूस मागच्या दाराने गेला. एकदा तरी पुढच्या दाराने जाऊन खुर्चीवर बसून जेवू दे त्याला. व्हरांड्यातला सत्कार मला नको.”

“मग तूच जा ना आबांबरोबर,” मी म्हटलं.

“मी तयारच आहे.”

“तू नको,” कोपऱ्यातून आबा म्हणाले. “जावईबापू येणार असतील तर जाईन. नाहीतर राहू दे.”

आणि ते गालातल्या गालात हसले. मला वाटलं, माझ्या व्यक्तिमत्त्वाची कदर झाली.

नियमावली म्हणजे एक निळं पुस्तक होतं, पाचवी आवृत्ती, कुठल्याशा दुसऱ्याच छापखान्यात छापलेली. मी सवयीने लाल पेन्सिल घेऊन बसलो आणि अर्ध्या तासात अकरा चुका काढल्या. “हे कुणा आंधळ्याने तपासलंय!” असं मी मोठ्यांदा म्हणाल्याचं मला आठवतं. ते ऐकून आबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, हेही आठवतं.

नियम सतरावा असा होता: ‘भोजनगृहात कोट, बंद बूट व पट्टे आवश्यक. यादीत नसलेली कोणतीही वस्तू अंगावर चालणार नाही.’ त्याखाली पुढच्या आवृत्त्यांमधून वाढत गेलेले पोटनियम. पांढरी पँट दुसऱ्या आवृत्तीत घालण्यात आली होती. पहिल्या आवृत्तीच्या काळात काय परिस्थिती होती, याची कल्पना करणं मी टाळलं. तिसऱ्या आवृत्तीत पट्टे निळे आणि आडवे झाले, चौथ्या आवृत्तीत त्यांची रुंदी अंगठ्याएवढी ठरली, पाचवीत संख्या, तीही विषमच: पाहुण्यांना पाच, सभासदांना सात, कमोडोरसाहेबांना नऊ. कमोडोर म्हणजे क्लबचे प्रमुख. अंगठा कुणाचा, ते कुठेच लिहिलं नव्हतं.

“आबा, हे पट्टे कसले?”

“जुनी पद्धत आहे म्हणतात,” आबा म्हणाले आणि पेपर उघडून त्यामागे गेले.

एव्हाना वरच्या मजल्यावर बातमी पोचली होती. वर एक निवृत्त भूगोलाच्या बाई राहतात. आमच्या घरात डबा पडला तरी त्यांना कुठला पडला ते कळतं. त्या खाली आल्या, नियमावली हातात घेतली आणि मला समोर उभं केलं.

“पट्टे आडवे म्हणजे अक्षांशांसारखे,” त्या माझ्या छातीवर बोट फिरवत म्हणाल्या. “हे इथे विषुववृत्त. तुमच्या बाबतीत ते जरा पुढे आलंय, पण असू दे. आणि हे बघा, पट्टे आवश्यक असं लिहिलंय, कुठे आवश्यक ते लिहिलेलं नाही. उद्या कुणी हरकत घेतली तर? तुम्ही आतबाहेर दोन्हीकडे घाला.”

“आत म्हणजे?”

“आत म्हणजे आत,” बाई म्हणाल्या आणि हिच्याकडे बघून मान हलवली. हिनेही हलवली. दोन बायकांनी एकमेकींकडे बघून मान हलवली की विषय संपतो, म्हणून मीही संपवला.

पांढऱ्या पँटचा प्रश्न दातांच्या डॉक्टरांनी सोडवला. माणूस देवाचा. फक्त माझ्या दीडपट आहे. “घ्या हो, अनमान करू नका,” ते म्हणाले, “पट्टा आवळला की झालं.” मी पट्टा आवळला. मागे कापडाच्या एवढ्या चुण्या पडल्या की बसल्यावर मी चार बोटं उंच वाटत होतो.

आता राहिला सदरा. “मी शिवून देतो की,” आबा म्हणाले. पण मला ते पटेना. सत्कार आबांचा आणि आबांनीच शिवत बसायचं? माझा काही मान आहे की नाही? मी बाणेदारपणे शिंप्याकडे गेलो. शिंपी म्हणाला, रुंदी सांगा. मी अंगठा दाखवला. शिंप्याने स्वतःचा अंगठा त्याच्याशेजारी धरला. त्याचा माझ्यापेक्षा बराच जाड होता. “कुणाचा घ्यायचा ते लिहून आणा,” तो म्हणाला.

म्हणून मी क्लबच्या कचेरीत गेलो. तिथे वस्त्रसचिव नावाचे एक गृहस्थ असतात. सडसडीत, सात पट्ट्यांचे, खिशात सहा इंची पट्टी. त्यांनी मला एक अर्ज दिला. अर्जाला ठरलेल्या पोशाखातला फोटो जोडायचा होता.

“पण पोशाख अजून शिवलेला नाही. रुंदी कळली की शिवतो.”

“रुंदी अर्ज मंजूर झाल्यावर कळते.”

“आणि अर्ज?”

“फोटो जोडला की मंजूर होतो.”

मी एकतीस वर्षं छापखान्यात काढली आहेत. लोखंडाच्या मशीनशीही माझं कधीतरी जमतं. पण या गृहस्थांच्या चेहऱ्यावर कुठे बटणच दिसेना. शेवटी त्यांनाच माझी दया आली. “फोटोपुरते तात्पुरते पट्टे चालतात,” ते हळूच म्हणाले.

हिने निळ्या कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि खळ लावून माझ्या सदऱ्यावर चिकटवल्या. मी तसाच रस्त्याने फोटो काढायला गेलो. फोटोवाल्याने विचारलं, “नाटक का?” मी म्हटलं, “सत्कार.” तो म्हणाला, “तेच ते.” फोटो काढताना त्याने “जरा हसा” असं सांगितलं, मी मनाविरुद्ध हसलो आणि पोटावरची एक पट्टी सुटून खाली पडली. फोटोत चार आले. अर्ज दुसऱ्या दिवशी परत आला. शेरा: ‘संख्या सम आहे.’

दुसरा फोटो मी न हसता काढला. तो मंजूर झाला, रुंदी मिळाली (अंगठा संस्थापकांचा निघाला, त्याचा ठसा कचेरीत काचेखाली आहे), शिंप्याने माप घेतलं आणि शनिवारी सकाळी सदरा दिला. पट्टे निळे होते, पाच होते, रुंदी बिनचूक होती. फक्त ते गळ्यापासून पोटापर्यंत उभे धावत होते.

“आडवे सांगितले होते मी!”

शिंप्याने सदरा टेबलावर ठेवला, डोकं वाकडं करून बघितलं आणि शांतपणे म्हणाला, “आडवेच आहेत. तुम्ही आडवे व्हा आणि बघा.”

मी घरी आलो आणि खरोखरच आडवा झालो. हिने सदरा उलगडला, बघितला आणि तीही खाली बसली. उद्या दुपारी आबा पुढच्या दाराशी उभे राहणार, आणि माझ्या अंगावरच्या पाच चुकीच्या रेघांमुळे कुणीतरी त्यांना मागे व्हरांड्याकडे वळवणार. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून माझी मान खाली गेली. शिडांचं मला काही कळत नाही, क्लबाचंही नाही, पण या माणसाने मला मुलगी दिली होती आणि त्याच्यासाठी मला एक सदरा धड करून घेता येत नव्हता.

आबा उठले. कपाटातून त्यांनी चामड्याची पट्टी काढली आणि तळहाताला बांधली. मग निळ्या शिडाचा एक तुकडा.

“जावईबापू, तुमचा साधा पांढरा सदरा आणा.”

या वेळी मी बाणेदारपणा दाखवला नाही. दुपारभर ते खिडकीशी बसून शिवत होते. जाड सुई कापडातून जाताना टप्प असा आवाज यायचा. मी शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होतो, कारण त्यांना आता ओवता येत नाही. चोवीस वर्षांत आम्ही दोघं इतका वेळ एकत्र कधी बसलो नव्हतो. सदरा तयार झाला तो तोफगोळाही अडवेल इतका मजबूत. श्वास घेतला की करकर वाजायचा आणि त्यात वाकता येत नव्हतं. पण पट्टे होते आडवे, पट्टीने आखल्यासारखे. हौसेने त्यांनी सहा शिवले होते. “खालचा पँटीत जाईल,” ते म्हणाले, “वर पाचच दिसतील.”

“आणि तुमचा सदरा, आबा?” हिने घाबरून विचारलं. आम्ही दोघंही तो विसरलो होतो.

आबांनी ट्रंकेच्या तळातून कागदात गुंडाळलेला एक सदरा काढला. पांढरा, निळे आडवे पट्टे, पाच. घडीच्या जागी पिवळसर झालेला, पण एकदाही न घातलेला.

“पाहुण्यांना पाच पट्टे ठरले तेव्हाच शिवून ठेवला होता,” ते म्हणाले. “म्हटलं, कधी आत बोलावलंच तर आपली तयारी असावी.”

ही उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

रविवारी दुपारी आम्ही पुढच्या दाराशी. वस्त्रसचिव पट्टी घेऊन उभे. आबांचे पट्टे त्यांनी मोजले, रुंदी बघितली, घडीचा पिवळेपणा बघितला आणि चक्क मान लववली. मग मी. पाच. विषम. आडवे. रुंदी बरोबर. मी सुटकेचा श्वास सोडला, सदरा करकरला, आणि त्यांची नजर माझ्या कमरेवर गेली.

“हे काय?”

“पट्टा.”

“यादीत नाही.”

“आहे की! पट्टे आवश्यक, असं लिहिलंय.”

“पट्टे आहेत. पट्टा नाही.”

“अहो, पट्टे हे पट्ट्याचंच अनेकवचन आहे!” हे माझं क्षेत्र होतं, इथे मी हार मानणार नव्हतो.

“मग आपला एकच आहे,” ते म्हणाले.

“एक ही विषम संख्या आहे.”

त्यांनी पट्टी खिशात घातली. मला वाटलं, जिंकलो. पण त्यांनी मागच्या व्हरांड्याकडे फक्त एकदा बघितलं, आणि मी मुकाट्याने पट्टा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी पावती दिली: ‘पट्टा, चामडी, तपकिरी, नग एक.’

आता परिस्थिती अशी. कोटाची बटणं नियमानुसार उघडी, कारण पट्टे दिसले पाहिजेत. पँट डॉक्टरांची. ती वर राहिली तर पट्टे पाच, दोन बोटं जरी घसरली तर सहा. सहा म्हणजे सम, सम म्हणजे व्हरांडा. मी डावा हात कोटाच्या आत घालून पँट मुठीत धरली, पाठ ताठ केली आणि चालू लागलो. वाकता तर येतच नव्हतं. कमोडोरसाहेब स्वागताला पुढे आले, धिप्पाड, नऊ पट्टे, पांढऱ्या मिश्या. त्यांनी माझ्याकडे आदराने बघितलं.

“आपण लष्करात होता का?”

“छापखान्यात,” मी म्हटलं.

भोजनगृहाच्या दाराशी भिंतीवर एक मोठी काचेची चौकट होती. आबा तिथे थांबले. “जावईबापू, जरा बघा तरी काय लावलंय,” ते म्हणाले आणि बाजूला झाले.

चौकटीत डावीकडे संस्थापकांच्या हातची नियमावली, उजवीकडे तेच पान पहिल्या आवृत्तीत छापलेलं. डावीकडे हस्तलिखित, उजवीकडे छापील. मी एकतीस वर्षं रोज असाच बसतो. डोळे आपोआप कामाला लागले. भोजनगृहात, भोजनगृहात. कोट, कोट. बंद बूट, बंद बूट. पट्टा, पट्टे.

मी परत वाचलं. डावीकडे स्वच्छ, वळणदार अक्षरात काना होता. ‘पट्टा आवश्यक.’ कमरेचा साधा पट्टा. उजवीकडे काना गेला होता आणि डोक्यावर मात्रा बसली होती. आणि पानाच्या तळाशी आमच्या छापखान्याचं नाव, त्याखाली बारीक टायपात ‘मुद्रितशोधन’, आणि त्याच्यापुढे, एकही चूक नसलेलं, माझं संपूर्ण नाव.

पट्टा आवश्यक असं लिहिलेल्या कागदासमोर मी बिनपट्ट्याची पँट मुठीत धरून उभा होतो.

“उशिरा का होईना, वाचलंत,” आबा शेजारी येऊन म्हणाले.

“आबा! तुम्हाला माहीत होतं?”

“हस्तलिखित मीच आणलं होतं की तुमच्याकडे. छापून आलं त्या दिवशीच मला दिसलं. क्लबच्या तेव्हाच्या सेक्रेटरीसाहेबांनाही दिसलं. लालबुंद झाले. म्हणाले, हे तपासणाऱ्याला उद्याच्या उद्या घरी बसवायला लावतो. लग्नाला अकरा दिवस होते तुमच्या.”

“मग?”

“मग मी म्हटलं, साहेब, चूक कसली? जुने दर्यावर्दी पट्टेच घालायचे. माणूस पाण्यात पडला तर लांबून दिसतो. तुमच्या पुस्तकात आपोआप आलं, शुभ आहे, राहू द्या. त्यांना ते एवढं आवडलं की दुसऱ्या दिवशी स्वतःच पट्टे घालून आले.”

“पण हे खरं आहे का? दर्यावर्दींचं?”

“मला काय माहीत?” आबा म्हणाले. “मला पोहताही येत नाही.”

मला तो दिवस आठवला. लख्ख आठवला. नियमावलीचे कच्चे कागद तपासून झाले का ते बघायला आबा आले होते आणि त्या दिवशी ते एकटे नव्हते. बरोबर ही होती. माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसली होती, पायांची घडी घालून, छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांकडे टक लावून बघत. मी सतराव्या नियमापर्यंत आलो, मान वर केली, तिच्याकडे बघितलं, आणि परत मान खाली घातली ती थेट अठराव्या नियमावर. एकतीस वर्षांत तेवढी एकच ओळ मी तपासली नव्हती.

“आबा, चोवीस वर्षं बोलला नाहीत! मग आजच का?”

“एकतीस वर्षांत एक काना-मात्रा सुटली नाही, हे ऐकून ऐकून माझे कान किटले,” आबा म्हणाले. “आणि दुसरं म्हणजे, मी आता इथे नसणार. कुणी विचारलं तर ती दर्यावर्दींची गोष्ट सांगायला मी शेडमध्ये असायचो. आता तुमची चूक तुमच्या ताब्यात देतो. सांभाळा.”

दर महिन्याला माझा पगार झाला, घर झालं, पोरं शिकली, आणि हे सगळं या माणसाच्या एका थापेवर उभं होतं. आणि मी त्याच्यासमोर बसून शुद्धलेखनाच्या बढाया मारत होतो.

“आबा, मी आत्ता सगळ्यांना सांगून टाकतो.”

“आज माझा सत्कार आहे,” आबा म्हणाले. “तुमचा नंतर करू.”

आम्ही आत गेलो. आबा खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले, त्याच खिडकीजवळ. त्यांनी आधी काचेला बोट लावून बघितलं, स्वच्छ आहे ना. मग सूप आलं ते त्यांनी सावकाश, एकही थेंब न सांडता प्यायलं.

कमोडोरसाहेब बोलायला उभे राहिले. “या गृहस्थांनी शिवलेलं एकही शीड आजवर फाटलेलं नाही,” ते म्हणाले. “पण मला वेगळंच सांगायचंय. नऊ वर्षांपूर्वी मी इथेच जेवून, या कपड्यांत, तसाच होडी घेऊन गेलो. होडी उलटली. वर धुकं. शोधणाऱ्यांना आधी मी दिसलोच नाही, दिसले ते माझे पट्टे. पट्ट्यांची ती जुनी प्रथा आपल्याला यांनी सांगितली. मी जिवंत आहे तो यांच्यामुळे. आजपासून हे क्लबचे मानद सभासद. पुढच्या दाराने यायचं, केव्हाही.”

सगळं भोजनगृह उठून उभं राहिलं. टाळ्या सुरू झाल्या. आबा खाली मान घालून बसले होते आणि तळहातावरच्या, चामड्याने पडलेल्या जुन्या घट्ट्यावरून अंगठा फिरवत होते. मीही उभा होतो. माझा उजवा हात मोकळा होता आणि डावा पँट धरून होता. आणि माणसाला एका हाताने टाळी वाजवता येत नाही.

सोडली मी पँट. दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या, हात लाल होईपर्यंत.

पँट डॉक्टरांच्या मापाप्रमाणे विनाविलंब घोट्यांपर्यंत गेली. त्या सदऱ्यात मला वाकून ती उचलता येईना. आणि भूगोलाच्या बाईंचा सल्ला, हिने निवडलेली, माझी पट्ट्यापट्ट्यांची चड्डी सगळ्या क्लबासमोर आली. टाळ्या एकेक करून थांबल्या. त्या शांततेत वस्त्रसचिवांचे ओठ हलताना मला दिसले. ते मोजत होते.

“सदऱ्याचे सहा, खालचे तीन,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “नऊ. पाहुण्यांना नऊ चालत नाहीत. नऊ कमोडोरसाहेबांचे.”

“विषम आहेत ना?” कमोडोरसाहेब म्हणाले. त्यांच्या मिश्या थरथरत होत्या. “मग बसा खाली.”

आबा उठले. माझी पँट त्यांनी स्वतः वर ओढली, खिशातून शिडाच्या दोऱ्याची गुंडी काढली आणि भरल्या सभेत माझ्या कमरेला घट्ट गाठ मारली.

“दोरी यादीत नाही,” वस्त्रसचिव म्हणाले, पण सवयीने.

“आबा,” मी म्हटलं, “फार उपकार झाले हो तुमचे.” मला हे गाठीबद्दल म्हणायचं नव्हतं, आणि त्यांना ते कळलं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. सदरा करकरला. मग मात्र मी रडलो, आणि लोकांना वाटलं पँटमुळे.

जाताना लाल पेन्सिलीने अकरा चुका काढलेली ती निळी नियमावली मी प्रामाणिकपणे वस्त्रसचिवांना परत केली. त्यांनी ती उभ्याउभ्याच चाळली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे माणसाकडे बघावं तसं बघितलं. माझा पट्टा त्यांनी पावती न मागता दिला.

महिन्याभरात सहाव्या आवृत्तीचा कच्चा मजकूर आमच्या घरी तपासायला आला. आबा तेव्हा क्लबात होते. हल्ली ते रविवारी पुढच्या दाराने जेवायला जातात, सदऱ्यावर दोन पट्टे आणखी शिवलेत. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. वस्त्रसचिवांनी सोबत संस्थापकांच्या हस्तलिखिताची प्रतही पाठवली होती. ती डावीकडे, कच्चा कागद उजवीकडे. अकराच्या अकरा चुका दुरुस्त झाल्या होत्या. नियम पंधरा बरोबर. सोळा बरोबर. मग सतरा. कोट, कोट. बंद बूट, बंद बूट. लाल पेन्सिलीचं टोक मात्रेवर येऊन थांबलं.

ही समोरच्या स्टुलावर बसली होती, पायांची घडी घालून, शेंगा सोलत.

मी मान वर केली, तिच्याकडे पोटभर बघितलं आणि मान खाली घालून अठरावा नियम वाचायला घेतला.